उरलेल्या ४२ गोळ्या: एचआयव्हीची जीन थेरपी आणि खानदेशातलं एक प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथून मिळतात तिथे, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एका रुग्णाभोवती गुंफले आहेत, त्यामुळे माणूस कोण हे शोधत बसू नये. संशोधनाची सालं आणि आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

काय घडलं

रुग्ण पुरुष, वय ४६. इथे त्यांना नाना म्हणू. पारोळा-अमळनेर पट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी. खरिपात कापूस, रब्बीत जमेल तेवढी दादर ज्वारी. एचआयव्हीचं निदान २०१६ सालचं. २०२१ पासून टीएलडी चालू, म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक. वर्षातून एकदा होणाऱ्या व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती आहे त्या तपासणीचे) मागचे चारही रिपोर्ट ‘विषाणू आढळला नाही’ असे. पत्नी एचआयव्ही निगेटिव्ह. फाइलच्या पहिल्याच पानावर आणखी एक नोंद होती, पुढे तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली: हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

ठरल्या तारखेला ते आले, पण गोळ्या न्यायला नाही. त्यांना पूर्ण फाइलची झेरॉक्स हवी होती. समुपदेशक ताईंनी नेहमीप्रमाणे डब्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. तीन महिन्यांच्या तीन डब्या, प्रत्येकी ३० गोळ्यांच्या. पहिली रिकामी. दुसरीत १२ गोळ्या. तिसरीचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. ९० पैकी ४२ शिल्लक, म्हणजे घेतल्या ४८, टक्केवारी ५३. केंद्राला ती ९५ च्या वर लागते.

“ताई, गोया तं मी बंद करी दिन्यात,” ते सरळ म्हणाले. “आते पक्का इलाज भेटी ऱ्हायना.”

पक्का इलाज म्हणजे मोठ्या शहरातलं एक क्लिनिक. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (मूळपेशी) काढायच्या, त्यांचा ‘जीन बदलायचा’, सलाइनमधून परत सोडायच्या, की एचआयव्ही मुळासकट जातो, असं तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. खर्च ७ लाख, अर्धे आधी. त्यासाठी दोन बिघ्यांचा तुकडा भाऊबंदाला द्यायचं ठरलं होतं आणि ५१ हजार विसार घेऊन झाला होता. क्लिनिकची अट एकच: आधी सहा आठवडे गोळ्या बंद ठेवा, नाहीतर नव्या पेशी रुजत नाहीत.

चूक कुठे झाली

सगळा दोष त्या क्लिनिकवर टाकून मोकळं होता येणार नाही. तीन महिने आधी, मागच्या भेटीत, नानांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ केंद्रात दाखवला होता. ‘जर्मनीत एक माणूस एचआयव्हीतून पूर्ण बरा झाला’ असं त्यात होतं. रांग मोठी होती. उत्तर मिळालं, “व्हॉट्सअॅपवरचं काही खरं धरू नका.”

पण ते खरं होतं. नानांच्या पुतण्याने घरी शोधून पाहिलं आणि बर्लिनच्या रुग्णाची सगळी माहिती सापडली, नावानिशी. मग नानांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या जागी कोणीही काढला असता: केंद्रातल्या लोकांना हे माहीत नाही किंवा ते सांगत नाहीत, आणि क्लिनिकवाल्याला माहीत आहे. खऱ्या बातमीला खोटं म्हटलं की तिच्या आडून आलेला खोटा धंदाही खरा वाटू लागतो. व्हिडिओचा पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा अर्धा जाहिरात होता. फरक कुठे पडतो हे त्यांना कोणी दाखवलंच नाही.

त्या दिवशीच्या तपासण्या

आधी क्षयाची चारही लक्षणं विचारली: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकही नाही. वजन तेवढंच. नाना म्हणाले, “सहा आठवडे झाले, काहीच झालं नाही. उलट बरं वाटतंय.”

हे बरं वाटणं फसवं असतं. औषध थांबल्यावर विषाणू बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत परत दिसू लागतो, पण त्या वाढीला आवाज नसतो. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या प्रतिकारक पेशींची संख्या, लगेच कोसळत नाही, भूक लागते, शेतात काम होतं. मधल्या या काळात क्लिनिकवाला म्हणतो, बघा, गोळ्यांशिवायही ठीक आहात. गोळ्या थांबवून-चालू करून पाहण्याचा प्रयोग ‘स्मार्ट’ या अभ्यासात ५,४७२ जणांवर रीतसर झालेला आहे. थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका २.६ पट निघाला आणि २००६ च्या जानेवारीत तो प्रयोग आवरता घ्यावा लागला.

नानांचा व्हायरल लोड आला ३६,४००. त्याहून काळजीचा आकडा यकृताचा होता: एएलटी १८६, एरवी चाळिशीच्या आत असायचा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. टीएलडी बंद केली की दोन्ही विषाणूंवरचं झाकण एकाच वेळी उघडतं आणि यकृताला सूज येते. कधी ती जीवघेणी ठरते. ‘गोळ्या सहा आठवडे बंद ठेवा’ असं सांगणाऱ्याने नानांची फाइल पाहिलेली नव्हती. त्याला ती झेरॉक्स आत्ता हवी होती.

गोळी त्याच दिवशी, केंद्रातच सुरू झाली. तीच टीएलडी, पूर्ण डोस; हळूहळू वाढवण्याचा प्रश्न येत नाही. पत्नीला बोलावून तपासणी केली, निगेटिव्ह आली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करायचं ठरलं. व्हायरल लोड दबलेला असताना तिला जे संरक्षण होतं ते या सहा आठवड्यांत राहिलं नव्हतं, म्हणून लोड पुन्हा दबेपर्यंत निरोध सक्तीचा. शेवटचा संबंध ७२ तासांच्या आतला असता तर तिला लगेच पीईपीची, म्हणजे संबंधानंतर संसर्ग टाळण्यासाठी द्यायची, औषधं सुरू करावी लागली असती. तो त्याआधीचा होता.

मग खुर्ची जवळ ओढून पाऊण तास बोलणं झालं. मागच्या वेळी द्यायचा राहिलेला वेळ तो हाच.

व्हिडिओतला खरा भाग

टिमोथी रे ब्राउन. बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन माणूस. एचआयव्ही होताच, वर रक्ताचा कर्करोग झाला. त्या कर्करोगासाठी २००७ मध्ये डॉ. गेरो ह्युटर यांनी त्याचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मज्जेचं प्रत्यारोपण, केला, आणि दाता मुद्दाम असा शोधला की ज्याच्या सीसीआर५ जीनमधली ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली आहेत. सीसीआर५ हा सीडी४ पेशीवरचा कडी-कोयंडा. बहुतेक एचआयव्ही तिथूनच आत शिरतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी हा जीन तुटका आला असेल तर पेशीला कोयंडाच नसतो. कर्करोग उलटला म्हणून २००८ मध्ये दुसरा ट्रान्सप्लांट करावा लागला. एचआयव्ही परत आला नाही. २०२० मध्ये ब्राउन गेला तो त्याच कर्करोगाने.

त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिनिव्हा, पुन्हा बर्लिन. अशी माणसं हातापायांच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे: ट्रान्सप्लांट रक्ताच्या जीवघेण्या आजारासाठी झाला, एचआयव्हीसाठी नाही. कारण साधं आहे. त्यात आधी केमोथेरपीने, काहींना किरणोत्सारानेही, स्वतःचा मॅरो मोडून काढतात. नवा मॅरो रुजेपर्यंत साधा ताप जीव घेऊ शकतो. रुजल्यावर दात्याच्या पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात. कर्करोग असताना हा जुगार परवडतो, कारण न खेळलं तर मरण आहे. रोज एक गोळी घेऊन शेती करणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. दात्याचाही प्रश्न आहेच: तो दोन्हीकडून तुटका जीन उत्तर युरोपात शंभरात एखाद्याकडे असतो, आपल्याकडे जवळजवळ सापडतच नाही.

नानांवर सगळ्यात जास्त परिणाम झाला तो मात्र तारखांचा. ताईंनी त्या कागदावर लिहून दाखवल्या. लंडनच्या रुग्णाचा ट्रान्सप्लांट २०१६ मध्ये झाला, गोळ्या थांबवल्या २०१७ च्या सप्टेंबरात. ड्युसेलडॉर्फचा ट्रान्सप्लांट २०१३, गोळ्या थांबल्या २०१८ मध्ये. जिनिव्हाचा २०१८, थांबल्या २०२१ मध्ये. ब्राउन सोडला तर यांनी ट्रान्सप्लांट होऊनही महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं गोळ्या चालू ठेवल्या आणि बहुतेकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेवटी थांबवल्या. पेशी रुजाव्यात म्हणून आधी गोळ्या बंद करणं हे या यादीत कुठेच नाही.

“मग त्यांनी मला उलटं का सांगितलं?” नानांनी विचारलं. त्या खोलीत बाजू फिरली ती इथे.

यशाबरोबर फसलेले प्रयत्नही सांगावे लागतात, नाहीतर चित्र अपुरं राहतं. बोस्टनमध्ये दोघांना साध्या जीनच्या दात्यांचा मॅरो मिळाला. कसून शोधूनही विषाणू सापडेना, म्हणून २०१३ मध्ये औषध थांबवलं. एकाचा १२ आठवड्यांनी परतला, दुसऱ्याचा ३२ आठवड्यांनी. जर्मनीतल्या एसेनच्या रुग्णाला तर तुटक्या जीनचाच दाता मिळाला होता, तरी त्याच्या अंगातला विषाणू दुसऱ्याच कोयंड्यातून, सीएक्ससीआर४ मधून शिरणारा निघाला. उलट जिनिव्हाच्या रुग्णाचा दाता साध्या जीनचा होता, तरी विषाणू आजवर परतलेला नाही. म्हणजे तुटका जीन हेच एक रहस्य नाही. दात्याच्या पेशी जुन्या पेशींना किती पुरतेपणी हाकलून लावतात, यावरही बरंच अवलंबून आहे.

बोंडअळी आणि बीटी

“गोळ्यांनी आठ वर्षं विषाणू दिसत नाही, तर मरत का नाही?” हा प्रश्न कापूसवाल्याला कापसातूनच कळतो. गुलाबी बोंडअळी हंगाम संपला की पऱ्हाटीत आणि सरकीत सुप्त पडून राहते. फवारणी बाहेर हिंडणाऱ्या अळीला लागते, आत निजलेलीला नाही. एचआयव्ही स्वतःचा जीन सीडी४ पेशीच्या जीनमध्ये शिवून टाकतो, आणि त्यातल्या काही पेशी निजून जातात. गोळी विषाणूची नवी पैदास थांबवते. जो पैदासच करत नाही त्याच्याशी तिला काही करता येत नाही. विश्रांतीतल्या साधारण दहा लाख सीडी४ पेशींमागे एक अशी असते, जिच्यातून धडधाकट विषाणू पुन्हा उठू शकतो. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशेबाने नुसत्या गोळ्यांवर तो संपायला ७० वर्षांहून जास्त काळ जाईल.

नाना लगेच म्हणाले, “मग बीटीसारखं करता येत नाही का? माणसाच्या जीनमध्येच घालायचं.”

प्रश्न अचूक होता आणि संशोधकही तेच करू पाहत आहेत. फरक एवढाच, की बीटी कापसात अळी मारणारा जीन बियाण्यातच घातलेला असतो, म्हणून झाडाच्या पानापानात तो येतो. इथे झाड उभं आहे, बोंडं लागलेली आहेत, आणि एकेक पान धरून बदलायचं आहे.

पेनसिल्व्हानियात १२ जणांच्या सीडी४ पेशी बाहेर काढून झिंक फिंगर नावाच्या कात्रीने त्यांचा सीसीआर५ कापला आणि प्रत्येकाला सुमारे एक हजार कोटी पेशी परत दिल्या. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. बदललेल्या पेशींचं प्रमाण ११ ते २८ टक्के होतं, बाकीच्या तशाच. सहा जणांनी १२ आठवड्यांसाठी औषध थांबवलं तर विषाणू परतला. त्या काळात ज्या एकाचा तो पुन्हा दबला, त्याच्याकडे एक तुटका जीन जन्मतःच असल्याचं मागाहून कळलं. चीनमध्ये रक्ताचा कर्करोग आणि एचआयव्ही असलेल्या एकाला क्रिस्पर या जीन कापणाऱ्या दुसऱ्या कात्रीने बदललेल्या दात्याच्या मूळपेशी दिल्या, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. बदल झाला होता १७.८ टक्के पेशींत. मॅरोत टिकला ५ ते ८ टक्क्यांत. कर्करोग आटोक्यात आला, एचआयव्ही नाही.

दुसरी वाट म्हणजे कोयंडा सोडून थेट शिवलेला विषाणूच उसवायचा. ईबीटी-१०१ या प्रयोगात क्रिस्पर एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून एकदाच शिरेतून दिलं. २०२४ च्या मे महिन्यात निष्कर्ष आले: सुरक्षिततेच्या दृष्टीने ठीक, पण ज्या तिघांनी औषध थांबवलं त्या तिघांचाही विषाणू परतला. एकाचा १६ आठवड्यांनी. एरवी दोन-चार आठवड्यांत परततो हे लक्षात घेतलं तर त्या १६ आठवड्यांना अर्थ आहे, पण ती बरं होण्याची खूण म्हणता येत नाही. शिवाय आपल्याकडचा एचआयव्ही मुख्यतः सी उपप्रकाराचा. अमेरिका-युरोपातल्या प्रयोगांत प्रामुख्याने बी उपप्रकाराची माणसं असतात. तिथे चाललेलं इथे चालेल का, हे इथेच तपासावं लागेल.

सिकलसेल बरा होतो, मग हा का नाही?

हा प्रश्न नंदुरबारकडून येणाऱ्या माणसांत हमखास निघतो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात माहीत आहे, आणि क्रिस्परवर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला ब्रिटनने २०२३ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेने डिसेंबरात मान्यता दिली, हेही आता कानावर आलेलं असतं. तंत्र एकच आहे. पण सिकलसेलमध्ये सगळ्या मूळपेशी बदलल्या नाहीत तरी भागतं. बदललेल्या पेशींतून येणाऱ्या लाल पेशी जास्त दिवस जगतात, विळ्यासारख्या झालेल्या लवकर मरतात, त्यामुळे पारडं आपोआप झुकतं. एचआयव्हीत हिशेब उलटा पडतो. बदलायची राहिलेली एक पेशी जागी झाली तरी आग पुन्हा पेटते. आणि त्या सिकलसेल उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, वर मॅरो मोडणारी केमोथेरपीही घ्यावी लागते. ही अडचण ओळखूनच अमेरिकेची एनआयएच ही सरकारी आरोग्य संशोधन संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१९ मध्ये सिकलसेल आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी गरीब देशांना परवडतील अशा जीन उपचारांचं काम एकत्र हाती घेतलं. खानदेशाला खरी आशा ठेवावी ती या दिशेकडून: दवाखान्यात एकच सुई, मॅरो मोडायची गरज नाही.

नानांच्या डोक्यात आणखी एक बातमी मिसळली होती, आयआयटी मुंबईची. ती सीएआर-टी पेशींची, म्हणजे जीन बदललेल्या रुग्णाच्याच प्रतिकारक पेशींची, २०२३ मध्ये भारतात मान्य झालेली, पण रक्ताच्या काही कर्करोगांसाठी, एचआयव्हीसाठी नाही. क्लिनिकच्या माहितीपत्रकात हाच फोटो वापरला होता.

तो कागद

माहितीपत्रक टेबलावर पसरून ओळ न्‌ ओळ वाचली. चरबीतून निघणाऱ्या पेशी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी नव्हेत. त्यांतून सीडी४ पेशी बनत नाहीत, मग जीन बदला नाहीतर बदलू नका. कोणता जीन, किती टक्के पेशींत, कशाने बदलला, याचा उल्लेख नव्हता. सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक नव्हता. नीतिशास्त्र समितीचं नाव नव्हतं. मराठी संमतीपत्र नव्हतं. होती फक्त पैशांची पावती. नेमका तोच पुरावा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचारासाठी सहभागी माणसाकडून पैसे घेतले जात नाहीत, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. भारतात मान्यता मिळालेल्या आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. आणि औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये, ज्या आजारांवर औषधाने बरं करण्याचा दावा करायलाच बंदी आहे त्या यादीत, पहिलं नाव एड्सचं आहे.

पत्रकासोबत ‘ताकदीच्या’ गोळ्याही पाठवल्या होत्या: कॅल्शियम, लोह, झिंक. टीएलडीबरोबर उपाशीपोटी घेतल्या तर हे क्षार डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतात. घ्यायच्याच तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. नानांनी त्या तिथेच ठेवल्या.

पुढचे तीन महिने

विसाराचे ५१ हजार परत केले. भाऊबंदाने कुरकुर केली, पण घेतले. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला नाना तयार नव्हते. नाव बाहेर येईल ही भीती. ती रास्त आहे, तिच्यावर दबाव आणायचा नसतो. पत्रकाची प्रत ओळख झाकून केंद्राने पुढे दिली.

गोळ्या तीन महिन्यांऐवजी महिन्याच्या मापाने दिल्या, दर महिन्याला समुपदेशन. एएलटी चार आठवड्यांनी ९२, तीन महिन्यांनी ३८. व्हायरल लोड तिसऱ्या महिन्यात पुन्हा ‘विषाणू आढळला नाही’. पत्नीची दुसरी तपासणी निगेटिव्ह. शेवटच्या डबीत दोन गोळ्या शिल्लक होत्या. एक दिवस सरकी भरायला जिनिंगवर रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं, असं त्यांनी न विचारता सांगितलं. प्रवासासाठी चार गोळ्यांची छोटी पुडी खिशात ठेवायचं ठरलं.

जाताना नानांनी दारातून वळून विचारलं, “इथे कधी ती सुईची चाचणी सुरू झाली, तर मला सांगाल ना?” ताईंनी फाइल पुन्हा उघडली आणि शेवटच्या पानावर तारखेखाली लिहिलं: रुग्णाला संशोधनात रस. सीटीआरआय दर सहा महिन्यांनी पाहणे, पुढच्या भेटीत स्वतःहून सांगणे.